स्मिथ, लिस्ट, मार्क्स आणि तीन रकान्यांचा तक्ता

जागतिक राजकीय अर्थशास्त्राचा, म्हणजे देशोदेशींच्या व्यापारात आणि पैशात सत्तेचा हात कसा असतो याच्या अभ्यासाचा, विषय निघाला की एक उतारा हमखास पुढे केला जातो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: 'या विषयात तीनच सिद्धान्त आहेत. उदारमतवाद बाजाराच्या बाजूचा, राष्ट्रवाद राज्याच्या बाजूचा, मार्क्सवाद कामगारांच्या बाजूचा. इतिहासानं निकाल दिलेला आहे. राष्ट्रवाद अ‍ॅडम स्मिथनंतर संपला, मार्क्सवाद १९९१ मध्ये, आणि उदारमतवाद उरला. बाकीचे नवे सिद्धान्त म्हणजे विद्यापीठांतली टूम. खरं तर आता सिद्धान्ताची गरजच नाही, आकडे उपलब्ध आहेत.'

एवढ्याशा जागेत अख्खा विषय उरकणारा उतारा लोकप्रिय होणारच. पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

ही तिहेरी वाटणी, म्हणजे तीन रकान्यांचा तक्ता, रूढ केली अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट गिल्पिन यांनी. १९८७ च्या त्यांच्या ग्रंथातून ती अभ्यासक्रमांत शिरली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. पण गिल्पिन या तिघांना 'विचारसरणी' म्हणत होते. जग कसं असावं याबद्दलच्या श्रद्धा त्यांत मिसळलेल्या आहेत, हे त्यांना माहीत होतं. त्याच ग्रंथात जागतिक अर्थव्यवस्था बदलते कशी, याचं स्पष्टीकरण द्यायची वेळ येते, तेव्हा ते दुहेरी अर्थव्यवस्था, आधुनिक जागतिक व्यवस्था आणि वर्चस्वातून येणारं स्थैर्य असे निराळेच सिद्धान्त चर्चेला घेतात. तक्ता ज्यांच्या नावावर खपतो, त्यांचंच काम तक्त्यावर भागलं नव्हतं.

आता कोण कुणाच्या बाजूचा, ते पाहू. इथे तर माणसं आपापल्या रकान्यात बसायलाच तयार नाहीत. स्मिथनं १७७६ मध्ये व्यापारावरच्या निर्बंधांवर कोरडे ओढले, हे खरं. पण परदेशी जहाजांना दूर ठेवणारा इंग्लंडचा नौकानयन कायदा हा तिथल्या सगळ्या व्यापारी नियमांतला बहुधा सर्वांत शहाणपणाचा नियम आहे, असंही त्यानंच लिहिलं. कारण त्याच्या मते देशाचं संरक्षण हे समृद्धीपेक्षा महत्त्वाचं. फ्रीडरिश लिस्ट हा राष्ट्रवादी रकान्याचा मानकरी. १८४१ मध्ये त्यानं नवजात उद्योगांसाठी संरक्षक जकात मागितली. पण शेतीमालाला असं संरक्षण नको, आणि देश एका पातळीवर आले की व्यापार खुला व्हावा, ही त्याचीच मतं. आणि मार्क्स? जानेवारी १८४८ मध्ये ब्रसेल्सच्या भाषणात त्यानं खुल्या व्यापाराच्या बाजूनं कौल दिला. खुल्या व्यापारानं जुन्या राष्ट्रांच्या चौकटी मोडतील, वर्गसंघर्ष टोकाला जाईल आणि क्रांती लवकर येईल, असा त्याचा हिशेब होता. खुल्या व्यापाराला हो की नाही, एवढीच कसोटी लावली तर मार्क्सला पहिल्या रकान्यात बसवावं लागेल!

या तिघांना वेगळं करतं ते त्यांनी विचारलेले प्रश्न. देवाणघेवाणीतून एकूण लाभ किती वाढतो, हा स्मिथचा प्रश्न. त्या लाभातून उत्पादनाची क्षमता कुठल्या देशात साठते, हा लिस्टचा. उत्पादनाच्या साधनांवर मालकी कुणाची आणि वरकड, म्हणजे मजुरी आणि खर्च भागून उरणारा भाग, कुणाच्या खिशात जातो, हा मार्क्सचा. एकाच व्यापार कराराला हे तिन्ही प्रश्न विचारता येतात, आणि तिन्हींची उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे उदारमतवादाच्या पाठ्यपुस्तकातलं पहिलं उदाहरण. डेव्हिड रिकार्डोनं १८१७ मध्ये तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त मांडताना इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन घेतली. ठरावीक कापडासाठी इंग्लंडमध्ये १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, वाइनसाठी १२०. पोर्तुगालमध्ये कापडाला ९० आणि वाइनला ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हीत सरस. तरीही त्यानं वाइन करावी, इंग्लंडनं कापड, आणि अदलाबदल करावी. त्यात दोघांचा फायदा. हे गणित बिनतोड आहे. त्याला नावं ठेवणारे बरेचदा ते न समजताच नावं ठेवतात.

पण ही जोडी रिकार्डोला सुचली कुठून? १७०३ च्या मेथुएन करारानं इंग्लंडचं लोकरी कापड पोर्तुगालमध्ये येऊ दिलं आणि पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनच्या मानानं एकतृतीयांशानं कमी ठेवली. हा करार झाला स्पेनच्या गादीवरून चाललेल्या युद्धात, पोर्तुगालला इंग्लंडच्या बाजूला ओढताना. व्यापारातली पोर्तुगालची तूट पुढे भरून निघाली ती बरीचशी ब्राझीलच्या सोन्यानं. आणि ते सोनं खाणींतून काढत होते गुलाम. रिकार्डोच्या चार आकड्यांत आरमार नाही, युद्ध नाही, गुलामही नाहीत. असायला हवेत असं नाही, कारण त्याचा प्रश्न वेगळा होता. पण म्हणून ते नव्हतेच असं समजणं ही वाचणाऱ्याची चूक.

याच प्रकरणात रिकार्डो आणखी एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो, जी तक्तेवाले सांगत नाहीत. भांडवल सहजपणे देशाबाहेर जात नाही, हे गृहीतक धरूनच त्याचं गणित उभं आहे. ते जाऊ शकलं असतं, तर कापड आणि वाइन दोन्ही पोर्तुगालमध्येच करणं इंग्लंडच्या भांडवलदारांच्या सोयीचं ठरलं असतं, असं तो लिहितो. मायदेशात कमी नफ्यावर समाधान मानायची धनिकांची वृत्ती क्षीण झाली तर आपल्याला वाईट वाटेल, असंही म्हणतो. आज भांडवल एका क्षणात सीमा ओलांडतं. अशा जगात रिकार्डोचा हवाला देताना हे वाक्य गाळणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

'इतिहासानं निकाल दिला' हा दावा उताऱ्यातला सर्वांत ठाम आणि सर्वांत कच्चा. ब्रिटननं परदेशी धान्याची आयात अडवणारे धान्य कायदे रद्द केले १८४६ मध्ये आणि नौकानयन कायदे १८४९ मध्ये. म्हणजे कारखानदारीत सगळ्यांच्या पुढे गेल्यावर. त्याआधी १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी त्यानं भारतीय सुती कापडाला आपल्या बाजारातून रोखलं होतं. अमेरिकेत पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टननं १७९१ मध्येच उद्योगांना संरक्षण देण्याची मांडणी केली. यादवी युद्धानंतरची कित्येक दशकं तिथे जकातपात्र आयातीवरचा सरासरी दर ४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर होता. दक्षिण कोरियानं १९६१ नंतर बँका सरकारी ताब्यात घेतल्या आणि कर्ज निर्यातीच्या कामगिरीला बांधलं. आणि राष्ट्रवाद संपला म्हणावं, तर २०२२ मध्ये अमेरिकेनं देशात चिप बनवण्यासाठी ५० अब्ज डॉलरहून अधिक सरकारी पैसा मंजूर केला. देशांमधल्या व्यापारी तंट्यांवर अंतिम निवाडा देणारं जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळही डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी ठप्प झालं.

यावरून लिस्ट जिंकला असा उलटा निष्कर्ष काढणारेही आहेत. तोही टिकत नाही. संरक्षक जकातीच्या आडोशानं सुस्तावलेले उद्योग अनेक देशांनी पोसले. कोरियातल्या कंपन्यांना देशात संरक्षण होतं, पण परदेशी बाजारात उतरून टिकायची सक्तीही होती. हा तपशील ना पहिल्या रकान्यात बसतो ना दुसऱ्या.

१९९१ चं थोडक्यात. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा केंद्रीय नियोजनाचा दावा कोसळला. भांडवलाच्या जागतिक हालचालीचं विश्लेषण त्या राज्याच्या नशिबाशी बांधलेलं नव्हतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल वॉलरस्टाइन १९७० च्या दशकापासूनच सांगत होते की सोव्हिएत संघ हाही भांडवली जागतिक व्यवस्थेच्या आतलाच भाग आहे. शिवाय या एका रकान्यात कोंबलेल्यांची आपसांत जोरदार भांडणं आहेत. अर्थशास्त्रज्ञ आन्द्रे गुंडर फ्रँक यांच्या मते परिघावरच्या, म्हणजे गरीब, देशांचं मागासलेपण केंद्राच्या, म्हणजे श्रीमंत देशांच्या, विकासातूनच घडतं, तेव्हा संबंध तोडल्याशिवाय सुटका नाही. पूर्व आशियाच्या वाढीनं ही मांडणी अडचणीत आणली. फर्नांदो एन्रिके कार्दोसो आणि एन्झो फालेत्तो या लॅटिन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी मात्र १९६९ मध्येच म्हटलं होतं की परावलंबनातही, म्हणजे केंद्रावर अवलंबून राहूनही, वाढ होऊ शकते. ती कशी होईल, हे देशातल्या वर्गांच्या युतींवर ठरतं. पुढे हेच कार्दोसो १९९५ मध्ये ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत खाणी आणि दूरसंचारातल्या सरकारी कंपन्या विकल्या गेल्या. त्यांनी आपली मांडणी सोडली की तीच पुढे नेली, हा वाद रंजक आहे. तक्त्यात तो विचारायची सोयच नाही.

'बाकी सगळी टूम.' इथे आधी तारखा पाहाव्यात. ब्रिटिश अभ्यासक सुझन स्ट्रेंज यांनी अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे दोन विषय एकमेकांकडे पाठ करून बसलेत, अशी तक्रार छापली १९७० मध्ये. कॅनडाचे अभ्यासक रॉबर्ट कॉक्स यांचा गाजलेला लेख १९८१ चा. म्हणजे ज्यांना 'नवे' म्हटलं जातं, ते गिल्पिन यांच्या १९८७ च्या ग्रंथाच्या आधीचे!

स्ट्रेंज यांनी पुढे म्हटलं की सत्ता चार ठिकाणी पाहावी: सुरक्षा, उत्पादन, वित्त आणि ज्ञान. दुसऱ्याला एखादी गोष्ट करायला लावणं ही सत्तेची एक तऱ्हा. ज्या चौकटीत सगळ्यांना वागावं लागतं ती चौकट घडवणं ही दुसरी. २००८ च्या संकटात या भेदाचा उपयोग कळतो. जगभरच्या बँकांना डॉलर हवे होते आणि ते छापू शकत होती एकच मध्यवर्ती बँक. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं १४ मध्यवर्ती बँकांना चलन अदलाबदलीची, म्हणजे आपलं चलन ठेवून तात्पुरते डॉलर नेण्याची, सोय दिली. अशा नेलेल्या, अजून परत न आलेल्या डॉलरची रक्कम एका टप्प्यावर ५०० अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली. ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर यादीत आले. यादी कुणी ठरवली? कुठल्याही आंतरराष्ट्रीय संस्थेत त्यावर मतदान झालं नाही. 'बाजार विरुद्ध राज्य' या चष्म्यातून हा प्रसंग दिसतच नाही. इथे एका राज्याची संस्था जागतिक बाजाराचा कणा सावरत होती, आणि त्याच वेळी कुणाला सावरायचं हेही ठरवत होती.

कॉक्स यांचं एक विधान तक्तेवाल्यांना फार आवडतं: सिद्धान्त नेहमी कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो. त्यावरून 'म्हणजे सगळी नुसती मतंच' असं ठरवून टाकतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत कॉक्स यांनी सुमारे पंचवीस वर्षं नोकरी केली होती. नुसत्या मतांचं मोल त्यांना ठाऊक असणार. चालू चौकट गृहीत धरून तिच्यातले प्रश्न सोडवणारा सिद्धान्त आणि ती चौकट आली कुठून हे विचारणारा सिद्धान्त, असा फरक ते करत होते. पहिल्या प्रकाराला त्यांनी निरुपयोगी म्हटलेलं नाही.

धोरण ठरण्यात कल्पनांना महत्त्व देणारे अभ्यासकही असेच 'टूम' म्हणून उडवले जातात. सप्टेंबर १९९७ मध्ये हाँगकाँगच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी भांडवली व्यवहार, म्हणजे देशाबाहेर पैसा नेणं-आणणं, खुले करणं हे आपलं अधिकृत उद्दिष्ट बनवायच्या बेतात होता, आणि थायलंडचं चलन त्याआधी दोनच महिने कोसळलेलं होतं. २०१२ मध्ये त्याच नाणेनिधीनं काही परिस्थितींत भांडवलावरचे निर्बंध योग्य ठरू शकतात, असं मान्य केलं. भांडवलाचा स्वभाव या पंधरा वर्षांत पालटला नव्हता. पालटलं ते त्याबद्दल काय शहाणपणाचं मानायचं, हे.

राहता राहिले आकडे. 'आकडे स्वतःच बोलतात' असं म्हणणाऱ्यानं आधी ते कुणाच्या प्रश्नाला उत्तर देताहेत हे पाहावं. २००९ मध्ये चीनमध्ये जुळवलेला एक आयफोन सुमारे १७९ डॉलरची चिनी निर्यात म्हणून नोंदला जाई. त्यात चीनमध्ये झालेल्या जुळणीचा वाटा होता साडेसहा डॉलर. बाकीचे भाग जपान, जर्मनी, दक्षिण कोरिया, अमेरिका अशा देशांतले. सीमाशुल्काची नोंद चोख होती. फक्त वस्तू 'एका देशाची' असते, हा जुना सिद्धान्त तिच्यात दडलेला होता. अमेरिका-चीन व्यापारतुटीवरची भाषणं अशाच नोंदींवर उभी राहिली.

घरातल्या विनामोबदला कामाचं तेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगात रोज १६.४ अब्ज तास असं काम होतं आणि त्यातला तीनचतुर्थांशाहून अधिक भार स्त्रिया उचलतात. जीडीपीत ते शून्य. काय मोजायचं नाही हे ठरवणं हाही सिद्धान्तच, आणि स्त्रीवादी अर्थशास्त्रज्ञांनी बोट ठेवलं ते नेमकं त्यावर.

आयर्लंडचा जीडीपी २०१५ मध्ये २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. एवढे कारखाने उभे राहिले नव्हते की एवढ्या नोकऱ्या निर्माण झाल्या नव्हत्या. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवली होती. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयानं २०१७ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचं एक सुधारित मोजमाप सुरू केलं. त्यासाठी त्यांना आधी हे ठरवावं लागलं की कुठली कमाई आयर्लंडची मानायची आणि कुठली नुसती तिथून पुढे जाणारी.