पवईचं रँकिंग आणि कोरी पाटी

जगभरच्या विद्यापीठांची क्रमवारी लावणारी क्यूएसची यादी आली की दरवर्षी ठरलेला तमाशा. आयआयटी बॉम्बे वर सरकली की अभिमानाच्या पोस्टी, घसरली की 'शिक्षणाचं वाटोळं झालं'. २०२५च्या यादीत ११८वी, २०२६च्या यादीत १२९वी. एवढ्यात पवईवर कुठलं आभाळ कोसळलं? कुठलंच नाही.

गुण कसे देतात ते तरी बघा. शंभरातले ३० जगभरच्या प्राध्यापकांना विचारून, की तुमच्या मते चांगली विद्यापीठं कोणती. आणखी १५ नोकऱ्या देणाऱ्यांना विचारून. जवळपास निम्मा कारभार ऐकीव कीर्तीवर! यावर हसायला मीही तयार आहे. पण त्याच यादीत ५ गुण परदेशी प्राध्यापकांचे आणि ५ परदेशी विद्यार्थ्यांचे असतात, आणि तिथे आपली पाटी जवळजवळ कोरी. 'पाश्चात्त्यांचे निकष' म्हणून हे उडवून लावणं मला पटत नाही, कारण ही संस्था उभी राहिली तीच परदेशी माणसांना सोबत घेऊन.

२५ जुलै १९५८ला पहिली तुकडी बसली ती पवईत नव्हे, वरळीला सस्मिरा या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या इमारतीत. ३,४०० अर्जांतून निवडलेली १०० मुलं. पवईची ५५० एकर जागा राज्य सरकारने दिली, पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली ती १० मार्च १९५९ला. यंत्रसामग्री युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघातून आली, आणि नुसती खोकी नाही आली. १९७३पर्यंत तिथले ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ इथे येऊन गेले. 'मिन्स्क' नावाचा अगडबंब संगणकसुद्धा तिकडचाच. शीतयुद्ध ऐन भरात होतं तेव्हाची ही गोष्ट!

पुढचं सगळ्यांना पाठ आहे: पोरं अमेरिकेला गेली, मोठी झाली. नंदन नीलेकणींनी २०२३मध्ये संस्थेला ३१५ कोटी दिले, तेही ठाऊक आहे. मला जास्त मोलाचा वाटतो तो नेक्सकार१९ हा कर्करोगावरचा उपचार. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाची पेशी ओळखेल असा रेणू (रिसेप्टर) बसवायचा आणि परत शरीरात सोडायच्या. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत पवईत घडलेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. खर्च परदेशातल्या अशा उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका.

असं काम चालणाऱ्या प्रयोगशाळेत केनियाची, नेपाळची, व्हिएतनामची मुलं पीएचडीला रांग लावून का नसावीत? आयआयटी मद्रासने २०२३मध्ये झांझिबारला जाऊन शाखा उघडली, उत्तमच केलं. पण तिकडे जाऊन शिकवणं वेगळं आणि इथल्या वसतिगृहात चार-पाच वर्षं शेजारी राहणं वेगळं. त्यासाठी वेळेत व्हिसा, महिन्याच्या महिन्याला विद्यावेतन आणि मेलला उत्तर देणारं ऑफिस लागतं. रटाळ, कारकुनी कामं आहेत ही. पण यादी आली की संचालकांना कुणी विचारायचंच असेल, तर आधी याबद्दल विचारावं.