सर, शहानिशा करणं हे आपलं काम नाही

नमस्कार सर,

मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर शाळेतल्या माणसाने काय करायचं (स्वतः शहानिशा करत न बसता ती कळवायची), यावरचा माझा लेख तुम्ही वाचलात आणि नापसंती मोकळेपणाने कळवलीत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी शिक्षकांना पोलीस करायला निघाले आहे. आपल्या कोकणात वाडीच्या वाडी एका भावकीची; तक्रार गेली की मुलीचं नाव चव्हाट्यावर येतं, घर उठतं आणि शिक्षकाला त्या गावात राहणं मुश्कील होतं. म्हणून मुख्याध्यापकांनी आधी शहानिशा करावी, पालकांना बोलावून समज द्यावी आणि शक्यतो गावातच मिटवावं.

सर, असं मिटवलेलं मी पाहिलंय. त्यात माझाही हात होता.

समुद्रालगतची दोनशिक्षकी शाळा होती. तिसरीतली एक मुलगी शाळा सुटली तरी निघायची नाही. भरलेलं पिंप पुन्हा भरायची, पुसलेला फळा पुन्हा पुसायची. मला वाटायचं, शाळेची आवड आहे पोरीला. शिमग्याच्या आधी एकदा म्हणाली, "बाई, मी तुमच्याबरोबर स्टॉपपर्यंत येऊ?" एसटीचा स्टॉप तिच्या घराच्या उलट दिशेला. चालता चालता तिने काकाचं नाव घेतलं आणि तो घरात असला की तिला तिथे थांबायचं नसतं, एवढंच सांगितलं. पुढे बोलली नाही. एसटी आली, मी चढले. मागच्या काचेतून ती तिथेच उभी दिसली.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. त्यांनी शहानिशा केली. म्हणजे आईला आणि त्याच काकाला ऑफिसात बसवलं, मुलीला समोर उभं केलं आणि विचारलं, "काय गं, घरी काही त्रास आहे का?" ती पायाच्या बोटांकडे बघत राहिली. "नाही," म्हणाली. विषय संपला. जूनमध्ये तिला मुंबईला नातेवाइकांकडे पाठवलं. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'स्थलांतर' असं मी लिहिलं, माझ्या अक्षरात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला, त्यानंतरची ही गोष्ट. मला त्यातलं एक कलमही ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे शहानिशा ही अशी होते, सर. ज्याच्यापासून मूल पळतंय, त्यालाच आधी खबर लागते. मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो, पुष्कळदा घरातलाच. मग 'पालकांना बोलवा' म्हणजे नेमकं कोणाला बोलवायचं?

कायदा आपल्याकडे शहानिशा मागतही नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे, लैंगिक गुन्हा घडल्याचं समजलं किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तर ती माहिती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यायची. हे कोणत्याही व्यक्तीला लागू आहे. शिपायाला, रिक्षावाल्याला, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही. (खरं तर सगळ्यांत आधी त्यांच्याच लक्षात येतं. कोणतं मूल जेवत नाहीये हे त्यांना आपल्याआधी दिसतं.) केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं, की स्वतः तपास करून माहिती गोळा करण्याचं बंधन कळवणाऱ्या माणसावर नाही. म्हणजे तुम्ही म्हणता तसं शिक्षकाला पोलीस व्हावं लागत नाही. तुमच्या पद्धतीत मात्र व्हावं लागतं.

गप्प राहिल्याची शिक्षा कलम २१ मध्ये आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडपला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंडही. बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात २०२४ मध्ये संस्थाचालकांवर याच कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. तिथे प्रश्न मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरांचा होता.

मुलीचं नाव चव्हाट्यावर येतं, ही तुमची काळजी खरी आहे. पण ते गावात कशाने फुटतं? ऑफिसातल्या त्या बैठकीने. कायद्याप्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. सोबत आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस हवं. हे दरवेळी काटेकोर पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. पाळलं जात नसेल तर त्यासाठी भांडू, मी येईन तुमच्याबरोबर.

खोट्या तक्रारीचं म्हणाल, तर शिक्षा मुद्दाम खोटं रचणाऱ्याला आहे. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही कलम १९ मध्येच लिहिलंय.

"उद्या उपाशी आलेल्या प्रत्येक पोरासाठी पोलिसांत जायचं का?" असं तुम्ही विचारलंत. नाही. पोक्सोची सक्ती लैंगिक गुन्ह्यांपुरती आहे. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या कुटुंबाचं पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात येतं, तो गुन्हा नव्हे, ती गरिबी. तिथे १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष मदतीसाठी आहेत. एक पालक गेलेल्या मुलांना बाल संगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, हे आपल्यातल्या किती शिक्षकांना माहीत आहे? मारहाण किंवा जाणूनबुजून आबाळ मात्र बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. तिथेही १०९८ लावायला हात अडखळू नये.

राहिली शिक्षकाची भीती. ती मी खोडत नाही. भाड्याची खोली गावातली, दूध गावातलं, गावकीने पाठ फिरवली तर दिवस काढणं कठीण. म्हणूनच ते ओझं एकट्या बाईवर पडू नये. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी सखी सावित्री समिती असायला हवी, ती कागदावर नको. मूल बोललं त्याच दिवशी त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळेसह लिहून ठेवावेत. खोदून विचारू नये, "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नये.

शेवटी तुम्ही लिहिलंत, "असे एकदोन प्रसंग आमच्याही काळात होते, आम्ही सांभाळून घेतले." ती मुलं आज कुठे आहेत, सर? मी ही चौकशी फार उशिरा सुरू केली. माझ्या त्या मुलीचा मुंबईचा पत्ता अजून मला मिळालेला नाही.