प्रोटॉनचा स्पिन हरवलेला नाहीये: त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सहा जणांनी पाठवलाय, त्यात यावलचा एक केळीवाला मित्र आहे, दोन जुने विद्यार्थी आहेत आणि बाकी घरचेच. मेसेज थोडक्यात असा आहे: अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनमध्ये क्वार्क नावाचे तीन बारीक कण असतात असं पुस्तकात शिकवतात, पण १९८७ ला युरोपातल्या प्रयोगात प्रोटॉनच्या स्पिनमध्ये (कणाच्या अंगभूत कोनीय संवेगात) क्वार्कचा वाटा शून्य निघाला, म्हणजे क्वार्कच खोटे, उरलेला स्पिन कुठे गेला ते आजपर्यंत कोणालाच माहीत नाही, मग इज्जत वाचवायला ग्लूऑन नावाचं न दिसणारं काहीतरी घुसवलं, आणि ज्यांना प्रोटॉन का फिरतो तेच कळत नाही त्यांच्या एमआरआयवर विश्वास कसा ठेवायचा.

मी सहसा फॉरवर्डला उत्तर देत नाही. पण परवा टीवायची एक मुलगी, चोपड्याहून रोज एसटीने जळगावला येते, तिने विचारलं सर आम्ही जे शिकतोय ते सगळं चुकीचंय का. ते ऐकून खरंच वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी "स्पिन हरवला" हे वाक्यच चुकीचं आहे. प्रोटॉनचा एकूण स्पिन अर्धा (क्वांटमच्या ħ या एककात १/२), हे १९२७ पासून माहीत आहे, डेनिसनने हायड्रोजन वायूच्या उष्णतेच्या मोजमापावरून ते काढलं होतं, आणि त्या आकड्यात आजवर काडीचाही बदल झालेला नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगतो. जिनिंगवर कापसाची गाडी आली की काट्यावर एकूण वजन होतं, ते पक्कं. आता आत रुई किती आणि सरकी किती हा वेगळा प्रश्न आहे. एखाद्याला आयुष्यभर वाटत होतं की कापूस म्हणजे सगळी रुईच, आणि जिनिंग झाल्यावर शंभर किलोला तेहतीस-चौतीस किलोच रुई निघाली, तर तो चकित होईल हे मान्य, पण गाडीचं वजन हरवलं असं कोणी म्हणणार नाही. १९८७ ला नेमकं एवढंच झालं.

आता "क्वार्कचा वाटा शून्य निघाला". नाही निघाला. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतल्या युरोपियन म्युऑन कोलॅबोरेशन या गटाचा आकडा १२ टक्के होता आणि त्यावर ९ आणि १४ टक्क्यांच्या दोन वेगवेगळ्या त्रुटी-मर्यादा होत्या, म्हणजे शून्य असूही शकतं, तीसही असू शकतं, असा तो निकाल होता. त्यानंतर अमेरिकेत स्लॅक आणि जेफरसन लॅब, हॅम्बुर्गला हर्मिस, सर्नलाच कॉम्पास, असे कितीतरी प्रयोग वर्षानुवर्षं चालले आणि आज आकडा साधारण ३० टक्क्यांवर स्थिरावलाय. मेसेज लिहिणाऱ्याने पहिल्या प्रयोगाचा सगळ्यात वाईट अर्थ उचलला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं सोडून दिली.

आणि गंमत नाही, ही खरंच सुंदर गोष्ट आहे की हे मोजतात कसं. म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ म्हणा) अमोनियाच्या गोठवलेल्या टार्गेटवर आदळवतात, म्युऑनचा स्पिन एका दिशेला लावलेला आणि टार्गेटमधल्या प्रोटॉनचा स्पिन कधी त्याच दिशेला, कधी उलट. म्युऑन आपला धक्का एका फोटॉनमार्फत, म्हणजे प्रकाशाच्या कणामार्फत, क्वार्कला देतो. फोटॉनचा स्पिन एक, क्वार्कचा अर्धा. क्वार्क फोटॉनच्या उलट दिशेला असेल तर एक वजा अर्धा म्हणजे अर्धा, जमलं. पण एकाच दिशेला असेल तर बेरीज होते दीड, आणि क्वार्ककडे दीड स्पिन ठेवायला जागाच नाही, म्हणून तो फोटॉन घेतच नाही. मग दोन्ही मांडण्यांमध्ये किती टकरी झाल्या त्याचा फरक काढला की प्रोटॉनच्या आत क्वार्क कोणत्या बाजूला कललेत ते कळतं. म्हणजे ज्या प्रयोगाच्या जोरावर मेसेज म्हणतोय क्वार्क खोटे, तो अख्खा प्रयोग क्वार्कचा स्पिन अर्धा आहे या एका गोष्टीवर उभा आहे. क्वार्क काढून टाका, १२ टक्के हा आकडाच उरत नाही.

पुस्तकातल्या चित्राबद्दलही बोललं पाहिजे, कारण तिथे थोडी चूक आम्हा शिक्षकांचीही आहे. आम्ही फळ्यावर तीन बाण काढतो, दोन वर एक खाली, अर्धा अधिक अर्धा वजा अर्धा बरोबर अर्धा, आणि पुढे जातो. साध्या क्वार्क मॉडेलमध्येसुद्धा हिशोब इतका सरळ नाहीये. प्रोटॉनमधले तीन क्वार्क म्हणजे दोन अप जातीचे आणि एक डाऊन जातीचा. प्रोटॉनचा सगळा स्पिन मिळून एक, म्हणजे शंभर टक्के, धरला तर त्यात दोन अप क्वार्कचा मिळून वाटा ४/३ येतो आणि डाऊनचा वजा १/३. आता यातला फरक घ्या, ४/३ वजा (वजा १/३), म्हणजे ५/३, साधारण १.६७. हाच आकडा न्यूट्रॉनच्या बीटा ऱ्हासातून (न्यूट्रॉन मोडून प्रोटॉन होतो त्यातून) मोजता येतो आणि तिथे तो १.२७ च्या आसपास मिळतो. म्हणजे साधं मॉडेल जसंच्या तसं चालत नाही हे १९८७ च्या आधीच जाणकारांना माहीत होतं! शंभर टक्क्यांची अपेक्षा कोणी मुरलेला माणूस करत नव्हता, एलिस आणि जाफे यांच्या १९७४ च्या हिशोबातून ६० टक्क्यांच्या आसपास येत होतं. धक्का बसला तो ६० च्या जागी १२ दिसले म्हणून. आज मोजलेले वाटे म्हणाल तर अप अधिक ०.८ च्या थोडं वर, डाऊन वजा ०.४ च्या थोडं पुढे, आणि स्ट्रेंज या तिसऱ्या जातीच्या क्वार्कचा थोडासा वजा. बेरीज करून बघा, ०.३ च्या जवळ येते, आणि अप-डाऊनचा फरक तोच १.२७ च्या जवळ.

"ग्लूऑन काल्पनिक". हे वाचून तर मला रागच आला भो. ग्लूऑन म्हणजे क्वार्कना एकत्र बांधून ठेवणारा कण. १९७९ ला हॅम्बुर्गच्या पेट्रा यंत्रात टकरीतून दोनाऐवजी तीन जेट, म्हणजे कणांचे झोत, निघताना दिसले, तिसरा ग्लूऑनचा, म्हणजे स्पिनचा प्रश्न उभा राहायच्या आठ वर्षं आधी. कोणी इज्जत वाचवायला नंतर घुसवलेला नाही. त्याचा स्पिनमधला वाटा मोजायला न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवनला रिक नावाच्या यंत्रात दोन्ही बाजूंनी स्पिन लावलेले प्रोटॉन एकमेकांवर सोडले, स्पिन जुळवून किती जेट निघतात आणि उलट ठेवून किती, हे वर्षानुवर्षं मोजलं. २०१४ च्या विश्लेषणात, प्रोटॉनच्या संवेगाचा किमान ५ टक्के भाग घेऊन फिरणाऱ्या ग्लूऑनचा वाटा सुमारे ०.२ आला, एकूण अर्ध्यातला ०.२ म्हणजे ४० टक्क्यांच्या घरात. त्याहून कमी संवेगाच्या ग्लूऑनबद्दल अजून अंधुक आहे, आणि त्यासाठीच ब्रुकहेवनला इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर उभा राहतोय.

उरलेला भाग कक्षीय. भोवरा जागेवर फिरतो आणि घाण्याचा बैल घाण्याभोवती फेऱ्या मारतो, दोघांकडेही कोनीय संवेग असतो, तसाच तो प्रोटॉनच्या आत फेऱ्या मारणाऱ्या क्वार्क आणि ग्लूऑनकडेही असतो. क्वार्क इतक्या छोट्या जागेत कोंडलेत (प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर) की अनिश्चिततेच्या नियमाने त्यांना प्रकाशाच्या वेगाजवळ पळावंच लागतं, आणि पळण्यात स्पिनचा काही भाग फेऱ्यांमध्ये जातो. फक्त ३० अधिक ४० अधिक बाकी ३० असं किराणा बिल करू नका, कारण आपण किती बारीक नजरेने बघतो त्यानुसार हे वाटे सरकतात, शिवाय स्पिन आणि फेऱ्या यांचे वाटे पाडायच्या पद्धतीही दोन आहेत, जाफे-मनोहर यांची १९९० ची आणि जी यांची १९९७ ची. सुपरकॉम्प्युटरवर लॅटिस पद्धतीने (अवकाशाचे बारीक चौकोन पाडून हिशोब करतात तिने) २०१७ ला सगळे वाटे एकत्र काढले तेव्हा बेरीज त्रुटी-मर्यादेत प्रोटॉनच्या स्पिनइतकीच, म्हणजे १/२ आली. मग कोणालाच काही माहीत नाही हे कसं म्हणायचं?

एमआरआयचं एका परिच्छेदात संपवतो. मशीनला शरीरातल्या प्रोटॉनच्या चुंबकीय आघूर्णाचा (तो किती ताकदीचा चुंबक आहे त्याचा) मोजलेला आकडा लागतो, एका टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) ४२.५८ मेगाहर्ट्झ, दीड टेस्लाच्या मशीनला ६४. आत कोणाचा किती वाटा याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. घरातलं कोणी त्या मेसेजमुळे तपासणी टाळत असेल तर कृपा करून टाळू देऊ नका.

आणि प्रोटॉन चेंडूसारखा फिरत नाही. चेंडू जोरात फिरवता येतो, थांबवता येतो. प्रोटॉनचा स्पिन अर्धाच असतो, दिशा उलटवता येते पण कमी-जास्त करता येत नाही.

चोपड्याच्या त्या मुलीला मी सांगितलंय की ४/३ आणि वजा १/३ कुठून येतात ते स्वतः काढून आण, तीन क्वार्कचं वेव्ह फंक्शन लिहून, दोन पानांचं काम आहे. अजून कोणाला करायचं असेल तर रविवारी सकाळी या, फळा मोकळा आहे.