घेऊन जा गे मारबत, गणिताचा पेपर पण

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या पोट्ट्याचा गणिताचा युनिट टेस्टचा पेपर घरी आला. आला म्हणजे काय, सापडला. डब्याच्या पिशवीत, पोळीच्या रुमालाखाली चार घड्या घालून ठेवला होता आणि त्यावर भेंडीच्या भाजीचं तेल सांडलेलं. 20 पैकी 9. मी चष्मा नसल्यामुळे कागद उलटा धरला तर 6 दिसले, म्हणून सुलटा केल्यावर दोन सेकंद मला चक्क आनंद झाला.

"ट्यूशन लावून टाकू," बायको म्हणाली. कूलरची मोटर बदलून टाकू, हे ती ज्या आवाजात म्हणते ना, अगदी त्याच आवाजात. मी म्हटलं अगं पाचवीतल्या पोराला कायची ट्यूशन, आम्ही कधी लावली होती का, मी घेतो ना अभ्यास. यावर ती काहीच बोलली नाही. बारा वर्षांच्या संसारात तिचं बोलणं मला कधीकधी कळत नाही, पण काहीच न बोलणं बरोबर कळते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोट्ट्याला घेऊन मारबत पाहायला गेलो. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, मारबत म्हणजे मिरवणुकीत नेऊन जाळतात तो बाईचा मोठा पुतळा, काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात, आणि सगळी गर्दी ओरडते, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत! जगभराची पीडा त्या बाईच्या डोक्यावर टाकून आपण मोकळे. गर्दीत माझ्या बाजूला आमचे चिरंजीव बेंबीच्या देठापासून ओरडून राहिले होते, "गणिताचा पेपर घेऊन जा गे मारबत!" शेजारच्या एका काकांनी मोठ्या मायेने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती पडले जी?"

संध्याकाळी मी अभ्यासाला बसलो. बसलो मीच, तो तर लोळत होता. पहिलंच गणित असं की एक घंटा दर 12 मिनिटांनी वाजते, दुसरी दर 18 मिनिटांनी, आता दोन्ही सोबत वाजल्या तर परत सोबत कधी वाजतील. मी म्हटलं सोप्पं आहे, मसावि काढायचा. तो म्हणे मसावि म्हणजे काय. मी म्हटलं अरे एचसीएफ (मी मराठी शाळेतला, तो इंग्लिश मीडियमचा, आमच्या दोघांत आधी भाषांतर करावं लागते, मग गणित). काढला, 6 आला, खाली दोन रेघा मारल्या, उत्तर 6 मिनिटे. पोट्टा छताकडे पाहत पडला होता, तसाच म्हणाला, "पप्पा, 6 मिनिटांनी कशी वाजेल? 12 वाली तर अजून एकदाही नाही वाजली ना."

किचनमधून कुकरची शिट्टी झाली. ती पण दर किती मिनिटांनी होते हे मोजायची माझी हिंमत झाली नाही. उत्तर 36 आहे हे मला रात्री साडेअकराला कळलं, बाथरूममध्ये.

मग मी लोकांना विचारायची चूक केली. सकाळी पोह्याच्या ठेल्यावर नुसतं म्हटलं की पोट्ट्याला ट्यूशन लावायची की नाही असा विचार करून राहिलो, तर तर्री वाढणाऱ्या भाऊसकट पाच जणांनी पाच मतं दिली. एक म्हणे आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावंच लागते, आधी एक चान्स देतात आणि मग बसवतात त्याच वर्गात, रिस्क घेऊ नका. दुसऱ्याने स्कॉलरशिप काढली. ती आमच्या वेळी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला नेली, आता परत चौथी-सातवीला आणली, म्हणजे पोट्टे जागेवरच आहेत, परीक्षाच मागेपुढे पळून राहिली. तिसरा म्हणाला, भाऊ, सहावीपासून फाउंडेशन नाही लावलं तर नीट, जेईई विसरा. त्याचं स्वतःचं पोरगं अडीच वर्षांचं आहे.

त्या फाउंडेशनने मात्र बायकोच्या मनात घर केलं आणि रविवारी आम्ही तिघं एका मोठ्या क्लासमध्ये गेलो. एसी इतका की विदर्भात ऊन असते म्हणून शाळा उशिरा उघडते हे पण तिथं खोटं वाटावं. भिंतीवर टॉपर पोरांचे फोटो, सगळे हसून राहिलेले, पण झोप नाही झाली हे डोळ्यांत दिसते. आमच्याकडून अर्ध्या तासाची टेस्ट घेतली, म्हणजे पोराकडून. मग काऊन्सिलर मॅडम म्हणाल्या, "सर, पोटेन्शियल खूप आहे, फक्त चॅनलाइज करावं लागेल." आता मी पडलो विदर्भाचा माणूस. फाउंडेशन आणि चॅनल असं एका वाक्यात ऐकलं की मला गोसीखुर्द धरण आठवते. 1988 ला पायाभरणी झाली आणि कालव्यांचं काम आमच्या पोरांची पिढी आली तरी चालूच आहे. मी मनातल्या मनात हसलो, बायकोने टेबलाखालून पाय दाबला.

मी जरा शहाणपणा करायला गेलो, म्हटलं मॅडम, जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या गाइडलाइन्स आल्या ना, 16 वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नका म्हणून, हा तर 10 चा आहे. त्या गोड हसल्या. "सर, ते कोचिंग. हे एनरिचमेंट आहे." फी विचारली तर 48 हजार, वरून 18 टक्के जीएसटी, आणि गणिताच्या क्लासच्या त्या मॅडमनी 18 टक्के काढायला कॅल्क्युलेटर घेतला. खरं सांगतो, तेवढ्यासाठी मला त्या आवडल्या.

"विचार करून सांगतो," असं म्हणून आम्ही निघालो. त्यानंतर त्यांचे इतके फोन आले की सासरच्यांचे पण येत नाहीत.

सोमवारी मी ऑफिसातून लवकर आलो, पाच-सव्वापाच झाले असतील. कॉलनीच्या ग्राउंडवर आमचा पोट्टा एकटाच. कंपाउंडच्या भिंतीवर बॉल मारतो, परत येतो, पकडतो, परत मारतो. ठप. ठप. ठप. याच वयात आम्ही त्या वेळी बावीस-तेवीस पोट्टे असायचो आणि बॅटिंग येईपर्यंत अंधार पडायचा. मी विचारलं, अबे बाकीचे कुठं गेले?

"सगळे मागच्या गल्लीतल्या काकूंकडे ट्यूशनला. मला पण लावून द्या ना."

पंधरा दिवस आम्ही नवरा-बायको भांडून राहिलो, गावभर विचारलं, आणि ज्याचं गणित त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

काकू महापालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. हॉलमध्ये सतरंजी, दाराबाहेर अकरा चपलांचे जोड, त्यातले तीन उलटे. महिन्याचे 600 रुपये, जीएसटी नाही, चहा पण दिला. त्यांनी तेलाचा तो पेपर डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला.

"घरी अभ्यास कोण घेते?"

"मीच."

"हं," काकू म्हणाल्या आणि पेपर घडी करून मला परत दिला.

पहिल्या दिवशी मी बरोबर सातला आणायला गेलो. ट्यूशन सुटलेली, पण घरी कोणीच गेलं नव्हतं. स्ट्रीटलाइटखाली तीन वॉटरबॅगचे स्टम्प, पाठीवर दप्तर असलेला विकेटकीपर, आणि आमचा पोट्टा बॉलिंगला. मला पाहून तो धावत आला, मला वाटलं मिठी मारेल.

"पप्पा," तो दम खात म्हणाला, "उद्यापासून साडेसातला या ना. सातला ट्यूशन सुटते फक्त."