‘नऊ दिवस गाडी अडकवून ठेवली’ या रिव्ह्यूला आमच्या गॅरेजचं उत्तर

नमस्कार सर. आधी सॉरी. दसऱ्याला तुमची बीएमडब्ल्यू दारात नव्हती, गाडी घेतल्यानंतरचा तुमचा पहिलाच दसरा, घरच्यांसमोर पंचाईत झाली असणार, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही एक स्टार दिला तोही मान्य, गिऱ्हाईकाचा हक्क आहे. पण तुम्ही जे लिहिलंय ना, ‘गिअरबॉक्सचं तेल बदलायला नऊ दिवस गाडी अडकवून ठेवली’, ते वाचून काल रात्री जेवण गेलं नाही हो. अडकवून ठेवली म्हणजे काय सर, आम्ही काय सावकार आहोत का?

नऊ दिवसांचा हिशोब मांडतो, वाचणाऱ्यांनाही कळू द्या. गाडी आली २५ सप्टेंबरला गुरुवारी, संध्याकाळी साडेसहाला, तो तुम्ही पहिला दिवस धरला. शुक्रवारी सकाळी लिफ्टवर घेतली, खालचं कव्हर काढलं, गिअरबॉक्सच्या तळाला तेलाचा पॅन असतो, त्याच्या कडेनं तेल पाझरत होतं त्याचा व्हिडिओ आणि एस्टिमेट पावणेबाराला तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप केलं. उत्तर आलं रात्री नऊला, की पॅन मी ऑनलाइन मागवतो, स्वस्त पडतोय. ठीक आहे म्हटलं. शनिवार गेला, रविवार गेला, सोमवारी दुपारी पार्सल आलं आणि बॉक्स उघडला तर पॅन सहा गिअरच्या बॉक्सचा! तुमची २०१३ ची बीएमडब्ल्यू ५२०डी, तिला झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स. बोल्टची भोकंच जुळेनात. लगेच फोन केला तर तुम्ही मीटिंगमध्ये, मंगळवारी दुपारी तुम्ही हो म्हणालात तेव्हा मी मुंबईहून मागवला, तो बुधवारी चार वाजता हातात पडला. बुधवारी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी पाने, सॉकेट, जॅक सगळं धुऊनपुसून पाटावर मांडतात, पूजा झाली की दसरा होईपर्यंत कोणी हात लावत नाही, वडिलांपासून चालत आलंय, ते नाशिकच्या द्वारकेला फियाट-अँबेसेडरची कामं करायचे तेव्हापासून. ही एक रात्र माझ्या नावावर धरा, नाही म्हणत नाही. दसऱ्याला तुमच्या गाडीला झेंडूचा हार आम्हीच घातला, बॉनेटला हळदकुंकू लावलं, फोटो पाठवला, त्यावर तुम्ही अंगठा पण दिलात. शुक्रवारी ३ तारखेला संध्याकाळी गाडी तुमच्या ताब्यात. आता सांगा, यात माझे दिवस किती?

एक चूक आमची झाली ती झाली. मंगळवारी तुम्ही गॅरेजला फोन केला तेव्हा पोरानं मला न विचारता ‘उद्या देतो सर’ सांगून टाकलं. त्याला बोललोय. यापुढे डिलिव्हरीची तारीख मीच सांगणार, आणि रोजचं अपडेट वगैरे पण चालू करतोय.

आता पैशाचं. ‘बाहेर १२ हजारात होतं’. होतं की! खालचा प्लग उघडायचा, निघेल तेवढं तेल काढायचं, तेवढंच ओतायचं, झालं. फिल्टर तोच राहतो, कारण या बॉक्सला फिल्टर पॅनमध्येच बसवलेला असतो, फिल्टर बदलायचा म्हणजे अख्खा पॅन बदलायचा. आणि तेल भरून झाल्यावर इंजिन चालू ठेवून, गाडी लेव्हलमध्ये ठेवून, तेलाचं टेंपरेचर स्कॅनरवर बघत लेव्हल धरावी लागते, तीस ते पन्नास डिग्रीच्या मध्ये. गाडी घाट चढून गरम आली असेल तर थांबावंच लागतं. त्या दिवशी तुम्ही गेटपाशी उभं राहून ‘नुसतं बसून काय बघताय’ म्हणालात ना, तेव्हा मी स्क्रीनवर एकेक डिग्री मोजत होतो, प्लगमधून तेलाची धार बारीक व्हायची वाट बघत. ‘लाईफटाइम ऑइल आहे, बदलायचंच नसतं’ हेही तुम्ही लिहिलंय. गिअरबॉक्स बनवणारे स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला म्हणतात, तुमचं रीडिंग १ लाख १८ हजार.

साडेनऊ लाखात गाडी घेतलीत, चांगली घेतलीत, बॉडी एकदम क्लीन आहे, मी तुमच्या तोंडावर बोललो होतो. पण नवी असताना ती चाळीस लाखांच्या वरची होती आणि पार्ट आजही त्याच गाडीचे लागतात. घ्यायच्या आधी दाखवायला आणली असती तर पाझरणारा पॅन दाखवून जुन्या मालकाकडून तीसेक हजार कमी करून दिले असते, फुकट. असो.

टायरसाठी ‘मागे लागले’ म्हणालात. सर, मी टायर विकत नाही. तुमच्या टायरवर २२१८ कोरलंय, म्हणजे २०१८ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेले, आणि वर रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे, त्यामुळे डिकीत स्टेपनी नाही. दिवाळीत समृद्धीनं नागपूरला फॅमिली घेऊन जाणार असं तुम्हीच चहा पिताना सांगितलंत म्हणून बोललो. दुसऱ्या कुणाकडूनही घ्या, पण घ्या.

माझं पाथर्डी फाट्याचं छोटं गॅरेज आहे, दोन पोरं, एक लिफ्ट. तुमचा रिव्ह्यू पडल्यापासून दोन जणांनी फोन करून विचारलं, खरंय का म्हणून. तुम्ही रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही, फक्त ‘अडकवून’ हा शब्द तेवढा बदलता आला तर बघा.

आणि हो, तुम्ही मागवलेला तो सहा गिअरवाला पॅन बॉक्ससकट माझ्या टेबलावरच पडलाय. बॉक्सवर रिटर्नला दहा दिवस लिहिलेत, सोमवारी आला होता तो, म्हणजे या आठवड्यात न्यावा लागेल.