सोनकिड्याचे पंख

आई इथे आली की लंडन दाखवून होतंच. या वेळी मी तिला लेस्टरहून गाडीने तासाभरावर असलेल्या डर्बीशरमधल्या केडलस्टन हॉलला नेलं. इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या मराठी मित्रमैत्रिणींनो, तुमचे आईवडील आले की तुम्हीही न्या, हे सांगायलाच आज लिहितेय.

हे कर्झन घराण्याचं घर. होय, बंगालची फाळणी करणारा तोच लॉर्ड कर्झन. 18व्या शतकात वास्तुरचनाकार रॉबर्ट अ‍ॅडमने सजवलेल्या या घराच्या मुख्य दालनात अलाबास्टर या संगमरवरासारख्या दगडाचे 20 उंच खांब आहेत. कोलकात्याचं राजभवन याच घरावरून बेतलेलं. बाहेर तळं, त्यावर अ‍ॅडमचाच पूल, उतारावर मेंढ्या. निसर्गानेच मांडून ठेवल्यासारखं वाटतं, पण इथे आधी गाव होतं. नव्या घरासाठी ते उठवून दुसरीकडे वसवलं. मागे राहिलं ते फक्त चर्च, आजही घराला अगदी खेटून उभं. धरणात गाव गेलेली माणसं ज्यांच्या नात्यागोत्यात आहेत, त्यांना ती सुंदर हिरवळ बघताना काय वाटेल ते वेगळं सांगायला नको.

तळमजल्यावर कर्झनने आशियातून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. चांदी, हस्तिदंत, शस्त्रं. आई थांबली ती कर्झनची पत्नी मेरी हिच्या, मोरपिसांची नक्षी असलेल्या पोशाखापाशी. 1903च्या दिल्ली दरबाराच्या वेळी तिने नृत्यसमारंभात घातलेला. जरदोजी आपल्याकडच्या कारागिरांची, शिलाई पॅरिसची. सोन्याचांदीच्या तारेने भरलेली पिसं एकावर एक, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात काहीतरी हिरवंनिळं चमकतंय. आईने चश्मा वर केला, काचेला नाक लागेल इतकी वाकली आणि म्हणाली, "अगं, हे खडे नाहीत. सोनकिड्याचे पंख आहेत!" लहानपणी ती काडेपेटीत सोनकिडे पाळायची.

आई चाळीस वर्षं भरतकाम करतेय. तिचा पुढचा प्रश्न साधा होता, "कोणी भरलं हे?" पोशाख घालणारीचं नाव आहे, शिवणाऱ्या वर्थ कंपनीचं आहे. ज्यांनी डोळे फोडून एकेक टाका घातला त्यांची नावं मी शोधली, मला दिसली नाहीत. याच घरात 18व्या शतकातल्या मिसेस गार्नेट या घरव्यवस्थापिकेचं चित्र आहे. पाहुण्यांना घर दाखवायचं काम तिचं. म्हणजे नोकरमाणसाची आठवण ठेवायची तर ठेवता येते.

मला वाटतं, ही लूट आहे म्हणून पाठ फिरवणं चूक, आणि नुसती फुलं बघून चहा-स्कोन खाऊन परतणंही चूक. हे घर सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 2020 साली आपल्याकडच्या 93 ठिकाणांचे वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध जाहीर केले, तेव्हा इथे केवढा गदारोळ झाला! मला ते काम फार मोलाचं वाटतं. प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा 1904चा कायदा कर्झनच्याच काळातला, तेही आपण मान्य करावं. पण प्रश्न विचारायला आपणच तिथे हवं. पोशाखाकडे बघून 'सोनकिडा' म्हणणारं माणूस तिथे हवं.

दालनात एक वयस्क स्वयंसेविका होत्या. आईने त्यांना काडेपेटीची गोष्ट सांगितली, मी इंग्रजीत करून दिली. बाईंनी खिशातून वही काढली आणि आईला तो शब्द पुन्हा, सावकाश म्हणायला लावला.