बोल्ड केलेली ओळ म्हणजे हेडिंग नव्हे

वेबसाइट बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो: ‘हेडिंगच्या लेव्हलचा बाऊ करू नका. अक्षर मोठं नि बोल्ड दिसलं की झालं हेडिंग. एच१ ते एच६ हे नुसते साइझ आहेत. एचटीएमएल-५ आल्यापासून सगळीकडे एच१ टाकला तरी ब्राउझर बघून घेतो. आणि आपल्या साइटवर अंध वाचक येतात तरी किती?’ यातलं एकही विधान टिकत नाही. एचटीएमएल म्हणजे वेबपान ज्यात लिहितात ती भाषा, आणि एच१ ते एच६ या तिच्यातल्या हेडिंगच्या सहा लेव्हल.

‘मोठं नि बोल्ड दिसलं की झालं.’ पण दिसलं कुणाला? माझा एक अंध मित्र एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. मागे त्याच्या शेजारी बसून एका दिवाळी अंकाचं पान उघडलं होतं. त्यानं लगेच एच ही कळ दाबली. या कळीनं पुढच्या हेडिंगवर जाता येतं, आणि १ ते ६ हे आकडे दाबले की त्या-त्या लेव्हलच्या हेडिंगवर. स्क्रीन रीडर म्हणाला, पुढे हेडिंग नाही. मला तर पानभर शीर्षकं लख्ख दिसत होती! सगळी साध्या परिच्छेदात बोल्ड केलेली. मग त्यानं खालच्या बाणाची कळ धरली आणि एकेक ओळ ऐकत निघाला. बऱ्याच वेळानं थांबून म्हणाला, “राहू दे रे, तूच वाचून दाखव.” रोज स्वतःचं स्वतः वाचणारा माणूस आहे हा.

‘नुसते साइझ आहेत.’ साइझ सीएसएसमधून, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमधून, हवा तेवढा ठेवा. लेव्हल सांगते ती कोण कोणाच्या पोटात आहे ते, अनुक्रमणिकेत भाग, प्रकरण, पोटप्रकरण असतं तसं. डोळ्यांना कळणारी रचना कोडमध्येही हवी, हा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा, १.३.१ हा निकष, तोही सगळ्यात प्राथमिक ‘ए’ पातळीचा. एच२ नंतर थेट एच४ आला तर तेवढ्यानं नियम मोडला असं मात्र नाही. तरी ते टाळावं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं मधलं काहीतरी आपल्याकडून सुटलं, आणि तो मागे शोधत जातो.

‘ब्राउझर बघून घेतो.’ ही समजूत हवेतून आलेली नाही. पानाचा एखादा सेक्शन दुसऱ्या सेक्शनच्या किती आत आहे त्यावरून लेव्हल ठरवायची योजना एचटीएमएल-५ मध्ये खरोखरच लिहिलेली होती. पण ब्राउझरांनी ती पुरती उतरवलीच नाही. आतला एच१ दिसायला लहान व्हायचा इतकंच, स्क्रीन रीडरसाठी तो पहिल्याच लेव्हलचा राहायचा. २०२२ मध्ये ती योजना एचटीएमएलच्या मानकातून काढून टाकली.

‘अंध वाचक येतात तरी किती?’ तुम्ही मोजणार कसे? भेट देणाऱ्यांच्या आकडेवारीत स्क्रीन रीडर वापरणारा वेगळा दिसत नाही. आणि तो आला नि वाचता न आल्यानं परत गेला, हेही त्यात कळत नाही. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. तिथे डोकी मोजलेली नाहीत.

त्या अंकाचं पान मी नंतर माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. अंकाचं नाव एच१, कथा-कविता-लेख हे विभाग एच२, प्रत्येक शीर्षक एच३. अर्धा तास लागला, दिसण्यात काडीचा फरक नाही. मित्रानं २ दाबला: ‘कथा’. पुन्हा २: ‘कविता’. मग ३, ३, ३. तिसऱ्या कवितेवर थांबला आणि मला म्हणाला, “आता जरा गप्प बस.”